सुळा पडला, सुळा आला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी तुमच्या पेपरची जुनी वाचक, म्हणजे माहेरी होते तेव्हापासूनची, पण पत्र पहिल्यांदाच लिहितेय. कारण असं की गेले काही महिने पुरवणीत मुलांबद्दल जे जे छापून येतंय ते मी वाचते, कात्रणंसुद्धा काढून ठेवते, मोबाईलचं व्यसन, क्लासच्या फिया, मुलं ऐकत नाहीत, नोकरी करणाऱ्या आईबापांची ओढाताण, आणि ते सगळं खरंय, आमच्याही घरात त्यातलं थोडं थोडं आहेच. पण वाचून झालं की दर वेळी वाटतं, घरात दिवसभर जे चालतं त्यातला निम्मा भाग ह्यात आलाच नाही. तो निम्मा भाग लिहून पाठवतेय. लांबलं तर कापा, पण सुळ्याचं आणि इंजेक्शनचं तेवढं ठेवा.

आम्ही सांगलीत गावभागात राहतो. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, सासूबाई आमच्यातच असतात. हे मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत. मुलं तीन, थोरली १६ वर्षांची, मधला १०, आणि धाकटी आता २१ महिन्यांची. अंतर बघून लोक आधी बोटावर मोजतात आणि मग माझ्या तोंडाकडं बघतात. धाकटीच्या वेळी मी ३८ वर्षांची होते, तेव्हा तर नात्यातल्या बायकांनी तोंडावर विचारलं की आता ह्या वयात कशाला, थोरली लग्नाला येईल आणि तू लंगोट धूत बसशील. मला तेव्हा लागलं होतं ते, दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. आज त्यातली कुणी भेटली तर तिला हात धरून घरी आणावं आणि संध्याकाळी सहा ते आठ फक्त बसवून ठेवावं असं वाटतं, बाकी काही सांगायला लागणार नाही.

कारण सहाला काय होतं बघा. मधला गल्लीतनं क्रिकेट खेळून येतो, अंगभर धूळ, आणि आल्या आल्या आधी धाकटीला हुडकतो. थोरली कॉलेजातनं सायकलवर येते, तिची घंटी बोळाच्या तोंडाला वाजली की धाकटी हातातलं जे काय असेल ते टाकून दाराकडं धावते, धावते म्हणजे दोन पावलं नीट आणि तिसरं तिरकं. मग साडेसात-पावणेआठला हे येतात. हळदीच्या सीझनला ह्यांच्या शर्टाला, केसांना, अगदी पावत्यांच्या पुस्तकाला हळदीचा वास असतो आणि धाकटी पाळण्यात डोळे मिटून पडलेली असली तरी तो वास आला की उठून बसते. बाबा शब्द तिला यायच्या आधीपासून तिला बाबांचा वास येत होता. मधला पाहुण्यांना फार अभिमानानं सांगतो की सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, पण ही बारकी तर कुठल्याही कागदाशिवाय हळद ओळखते.

मला जे मुख्य सांगायचंय ते हे की वेगवेगळ्या वयाची मुलं एका घरात असली की मोठ्यांना स्वतःचं लहानपण बघायला मिळतं. आपल्यापैकी कुणालाच पहिली तीन वर्षं आठवत नाहीत. आपल्याला कुणी न्हाऊ घातलं, कुणी रात्र रात्र खांद्यावर घेऊन फिरवलं, कुणी घास भरवताना खिडकीतला कावळा दाखवला, सगळं पुसून जातं. आई सांगते तेवढंच, आणि सांगितलेलं किती शिरतं डोक्यात. पण घरात एक बाळ आलं की तेच सगळं डोळ्यासमोर परत घडायला लागतं.

थोरलीचंच सांगते. धाकटी झाली तेव्हा ती नववीत होती, २०२४ चा जानेवारी, चांगली थंडी होती. सासूबाई पाटावर बसून दोन्ही पाय लांब करायच्या, पायावर बाळाला पालथं घ्यायच्या आणि कोमट खोबरेल तेल लावून पाठीवरनं हात फिरवायच्या, बंबातलं पाणी मी आणून द्यायचे. थोरली दाराच्या चौकटीला टेकून शाळेचा रिबीन बांधत बघत उभी असायची. एक दिवस म्हणाली, "आई, मला पण आजीनं असंच घातलं होतं न्हाऊ?" म्हणलं, तुला तर ह्याच पाटावर, ह्याच पायांवर, तेव्हा आजींचे गुडघे दुखत नव्हते एवढाच फरक. ती काही बोलली नाही, शाळेत गेली. संध्याकाळी आले बघायला तर सासूबाई पलंगावर बसलेल्या आणि ही खाली बसून त्यांच्या गुडघ्याला तेल चोळतेय. तिला कुणी सांगितलं नव्हतं. १५ वर्षं मी तिला आजीचं ऐक, आजीला मान दे असं सांगत होते, ते काम एका आंघोळीनं झालं.

आणखी एक. आमच्याकडं बाळगुटीची लाकडी डबी आहे, सासूबाईंच्या सासूबाईंची. यावेळी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांनी बजावून सांगितलं होतं की सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको, म्हणून डबी फडताळातच राहिली आणि सासूबाईंनीही ते मानलं, त्यांचं मला कौतुक वाटतं कारण त्यांच्या हातानं घरातली सगळी बाळं गुटीवर वाढलेली. पण एका दुपारी त्यांनी ती डबी काढून थोरलीला एकेक दाखवलं, हे मुरडशिंग, हे वेखंड, हा हिरडा, ही सुंठ, हे ज्येष्ठमध. त्यात एक हळकुंड होतं, एका बाजूनं पार सपाट झालेलं. थोरलीनं विचारलं हे असं का, तर म्हणाल्या, "अगं रोज एक वेढा सहाणेवर उगाळायचा ना, हे तुझ्यासाठी उगाळून उगाळून झिजलंय." ते झिजलेलं हळकुंड तिनं मागून घेतलं. तिच्या कंपासपेटीत होतं दहावीच्या परीक्षेला, मला रिझल्टनंतर कळलं.

दहावीचं वर्ष म्हणजे घराघरात युद्ध असतं असं सगळे सांगायचे. आमच्याकडं त्यात वर्षाचं बाळ. मी घाबरलेच होते, हिचा अभ्यास कसा होणार म्हणून. झालं उलटंच. दुपारी धाकटीला झोपवायचं काम थोरलीनं घेतलं, झोळीची दोरी एका हातात, पुस्तक दुसऱ्या हातात, आणि मोठ्यानं वाचायचं. भूगोलाला धाकटी दहा मिनिटांत झोपायची. इतिहासाला जरा वेळ लागायचा. भूमितीचं प्रमेय चालू झालं की डोळे टक्क उघडे, मग थोरली म्हणायची हिला गणित आवडतं वाटतं. तिचं पाठांतर झालं, बाळाची झोप झाली, मला एक तास मिळाला. मेमध्ये निकाल लागला तेव्हा हिनं पेढा आधी देवापुढं ठेवला आणि दुसरा धाकटीच्या ओठाला टेकवला, म्हणाली निम्मे मार्क हिचे.

आता १६ वर्षांच्या मुलीबद्दल लोक म्हणतात की ह्या वयात मुलं बोलत नाहीत. माझा अनुभव असा की समोर बसवून विचारलं तर खरंच बोलत नाहीत, काय झालं म्हणलं तर काही नाही, कॉलेज कसं होतं तर ठीक. पण हाताला काम दिलं आणि डोळ्यात डोळा घातला नाही की सगळं आपोआप येतं. मटार सोलताना, गवार मोडताना, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना. यंदा अकरावीचं ॲडमिशन आख्ख्या राज्यात ऑनलाइन झालं ना, तेव्हा १० कॉलेजांची नावं पसंतीनं भरायची होती, त्या आठवड्यात आम्ही दोघींनी रात्री अकरा वाजता बसून जवळजवळ पाच किलो शेंगा फोडल्या, दाण्याचा कूट वर्षभर पुरेल एवढा झाला, पण तेवढ्यात मला कळलं की तिला सायन्स का नकोय, तिची कुठली मैत्रीण दुसरीकडं चाललीय म्हणून तिला वाईट वाटतंय, आणि एक मुलगा तिला वही मागतो आणि ती वही तो वाचत नसावा. हे तिनं शेंगांकडं बघत सांगितलं, मीही शेंगांकडंच बघत ऐकलं. ती माझ्यापेक्षा दोन बोटं उंच झालीय आता. उभी राहिली की मला वर बघावं लागतं आणि त्याचा मला रोज नव्यानं आनंद होतो, का ते सांगता येत नाही.

मधल्याचं वेगळंच आहे. तो घरातला मधला म्हणून त्याची फार काळजी होती मला. नऊ वर्षं तो शेंडेफळ होता आणि एका दिवसात दादा झाला. पहिले काही महिने तो गप्प गप्प असायचा, माझ्या पदराला धरून झोपायला मागायचा, एवढा मोठा मुलगा, आणि मी घ्यायचे त्याला, एका बाजूला बाळ आणि एका बाजूला हा. ज्या आयांच्या घरी दुसरं तिसरं येणार असेल त्यांना मी हेच सांगते की तेव्हा त्याला मोठा झालास आता असं म्हणू नका, घ्या जवळ. तो आपला आपण उठून जातो. आमचा उठून गेला तो धाकटीच्या पहिल्या शब्दाच्या दिवशी. ती सगळ्यात आधी आई म्हणाली नाही, बाबा नाही, "दाद्दा" म्हणाली. तो दोन खोल्यांतनं पळत पळत ओरडत गेला आणि शेजारच्या वाड्यात पण सांगून आला. मला कुणीतरी विचारलं की तुला वाईट नाही वाटलं का. मला उलट असं झालं की आता ह्या पोराला ह्या घरात कधीच परकं वाटणार नाही.

शब्दांचं निघालंच आहे तर सांगते, आमच्या घरात प्रत्येक मुलानं काही शब्द ठेवलेत. थोरली लहानपणी बिस्किटाला पिकिट म्हणायची, १४ वर्षं झाली, सासूबाईसुद्धा वाण्याकडं जाऊन पिकिटाचा पुडा मागतात आणि वाणी देतो. मधल्याचा शब्द हेलीपॉट, तो २०१९ सालचा. धाकटीचा सध्याचा शब्द आबू, तो फुग्यालाही आहे आणि चंद्रालाही. कोजागरीला गच्चीत दूध आटवत होतो तर ती हात वर करून आबू आबू करत होती, कुणीतरी तो खाली आणून द्यावा म्हणून, आणि मधला तिला उचलून अजून उंच धरत होता, जणू तेवढ्या उंचीचाच प्रश्न होता.

हेलीपॉटचं थोडं सविस्तर सांगायला पाहिजे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं ते सगळ्यांना माहीत आहे. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. आम्ही एका शाळेत जाऊन राहिलो होतो, वर्गात चादरी टाकून. थोरली १० वर्षांची होती, तिला सगळं आठवतं. मधला चार वर्षांचा, त्याला फक्त दोन गोष्टी आठवतात, आकाशातले हेलीपॉट आणि पत्रावळीवरची गरम खिचडी. मला त्या दिवसांचं जे आठवतं ते मी इथं लिहीत नाही. पण परवा मी स्वयंपाक करत होते आणि हा पाळण्यापाशी बसून धाकटीला चिऊकाऊची गोष्ट सांगत होता. पाऊस आला, काऊचं शेणाचं घर वाहून गेलं, काऊ चिऊच्या दारात आला, इथपर्यंत नेहमीसारखं. गोष्टीत चिऊ दार उघडायला वेळ लावते, बाळाला तीट लावू दे, बाळाला जेवू घालू दे, असं चालतं. ह्याच्या गोष्टीत चिऊ वेळच लावत नाही. ती लगेच दार उघडते आणि म्हणते, "चल, पाणी इकडं पण येणार आहे, आपण दोघं शाळेत जाऊ, तिथं खिचडी देतात." आणि मग काऊ, चिऊ आणि चिऊची बाळं सगळे एका वर्गात झोपतात आणि वरनं हेलीपॉट जातो.

माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. सहा वर्षं मला वाटत होतं की त्या पुरानं माझ्या पोराच्या मनात भीती बसली असेल. त्याच्या मनात काय बसलं होतं ते मला त्याच्या गोष्टीतनं कळलं, आणि धाकटी नसती तर ती गोष्ट त्यानं कुणाला सांगितली असती? मला तर नक्कीच नाही. यंदाही ऑगस्टमध्ये कोयनेतनं पाणी सोडलं की फोनवर फुटांचे मेसेज सुरू झाले, माझ्या पोटात गोळा यायचा, आणि हा धाकटीला कडेवर घेऊन सांगत होता की आलंच पाणी तर तुझी गोधडी मी घेणार, ताई तुझं दूध घेणार, आजीला बाबा घेणार. सगळी वाटणी करून झाली होती त्याची.

भांडणं होत नाहीत असं कुणी समजू नका. थोरली आणि मधला चार्जरवरनं भांडतात, पंख्याच्या स्पीडवरनं भांडतात, खिडकीपाशी कोण झोपणार ह्यावरनं तर रोज. फक्त आता हळू आवाजात भांडतात, बाळ उठेल म्हणून, एकमेकांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन कुजबुजत, आणि कुजबुजत भांडताना माणसाला फार वेळ राग धरता येत नाही, मध्येच एकाला हसू येतं. दमायला होतं, खर्च वाढलाय, रात्रीची सलग झोप मला दोन वर्षं माहीत नाही, हे पण लिहिते म्हणजे कुणाला वाटायला नको की ही बाई फक्त गोडगोड सांगतेय.

दिवाळीत मधल्यानं किल्ला केला. दोन दिवस मातीत, पोती भिजवून, विटांचे तुकडे रचून, वर आळीव पेरले हिरवळीसाठी. तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटी उठली आणि सरळ जाऊन बुरुजावर बसली. अर्धा बुरूज खाली, दोन मावळे मातीत. हा अंघोळ करून आला आणि बघून रडायलाच लागला, १० वर्षांचा मुलगा, पण रडू द्यावं म्हणलं, मेहनत होती त्याची. थोरली अभ्यंगाचे ओले केस तसेच ठेवून खाली बसली आणि काही न बोलता माती कालवायला लागली. मग हाही बसला. तासाभरानं मी चकल्या तळून बाहेर आले तर बुरूज उभा होता आणि पायथ्याला खडूनं मोठा गोल काढून ठेवला होता, त्यात धाकटीला बसवलेलं, हातात एक मावळा. मधला म्हणाला, "आई, ही हत्तीची जागा आहे. गडावर हत्ती होते की." ती त्या गोलात पुरी पाच मिनिटंपण बसली नाही, पण जागा मात्र तुळशीच्या लग्नापर्यंत पुसू दिली नाही त्यानं.

आता सुळ्याचं. दुधाचे सुळे बाळाला साधारण १६ ते २२ महिन्यांच्या दरम्यान येतात, आणि तेच वरचे सुळे १० ते १२ वर्षांचं झालं की पडतात. हे मला माहीत नव्हतं, दोन मुलं झाली तरी कधी लक्षात आलं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये धाकटी सारखी बोट तोंडात घालून किरकिर करायची, लाळेनं झबलं ओलं, आणि त्याच आठवड्यात मधला जिभेनं दात हलवत बसायचा, जेवताना एका बाजूनं चावायचा. एका संध्याकाळी त्याचा वरचा डाव्या बाजूचा सुळा पेरू खाताना निघाला. तो तळहातावर घेऊन बघत असतानाच थोरली धाकटीला चमच्यानं वरण भरवत होती, चमचा टकटक वाजला. थोरलीनं ओठ वर करून बघितलं तर तिचाही वरचा डावा सुळा, हिरडीतनं टोक बाहेर. तोच दात. तेच घर, तीच संध्याकाळ. मधल्यानं आपला दात धुतला आणि तिच्या तोंडाशी धरून ताडून बघितला, आणि फार गंभीरपणे म्हणाला, "माझा झाला वापरून, आता तिची पाळी." तो दात आम्ही रीतीप्रमाणं कौलावर टाकला. टाकताना धाकटीलाही खिडकीत उभं केलं, तिनं हात हलवून टाटा केला दाताला.

मी त्या रात्री बराच वेळ जागी होते. मधल्याला तो सुळा आला होता तेव्हा मी त्याला मांडीवर घेऊन अशीच बसायचे, २०१७ ची गोष्ट. आठ वर्षं तो दात त्यानं वापरला, त्यानं ऊस सोलला, पूर्ण पुराचे दिवस त्यानं खिचडी खाल्ली, आणि त्या दिवशी तो माझ्या हातात वजनच नसल्यासारखा होता. आईच्या हातात एकाच संध्याकाळी एक दात जायला आणि एक यायला, ह्यासाठी मुलांच्या वयात एवढं अंतर असावं लागतं, ज्या अंतराबद्दल मला बायका बोलल्या होत्या.

आणि इंजेक्शन. लसीकरणाच्या कार्डावर बघा तुम्ही, १६ ते २४ महिन्यांत बाळाला गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा बूस्टर असतो, मग १० वर्षांला टीडी, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाचं, आणि १६ वर्षांला परत टीडी. म्हणजे आमच्या तिघांचीही पाळी एकाच वर्षी आली. सप्टेंबरमध्ये एका बुधवारी मी तिघांना घेऊन आरोग्य केंद्रात गेले. आशाताई हसायलाच लागल्या, म्हणाल्या आख्खी बारात आणलीय. सिस्टरनी विचारलं आधी कोण. थोरली म्हणाली मी, कारण तिला माहीत होतं की धाकटीचं रडणं ऐकल्यावर तिचा धीर जाईल. तिनं खांदा पुढं केला, डोळे मिटले, झालं. मग मधला. तो आदल्या रात्रीपासून पाणी पाणी झाला होता, पण धाकटी बघतेय म्हणून त्यानं तोंडातनं आवाज काढला नाही, फक्त कान लाल झाले. मग धाकटी, एक मांडीत, एक दंडाला, आणि वर अ जीवनसत्त्वाचा डोस. मी तिला मांडीवर घट्ट धरली होती आणि मधल्यानं आपण होऊन तिचा मोकळा हात धरला. ती रडली, तर हा तिच्यापेक्षा मोठ्यानं काहीतरी बोलत राहिला, बघ आबू, बघ तिकडं आबू, आणि भिंतीवर आबू कुठं नव्हताच, फक्त एक पिवळा बल्ब होता, ती रडता रडता त्याच्याकडं बघायला लागली.

तिथं अर्धा तास थांबायला सांगतात, तसे आम्ही चौघं बाकावर बसलो. थोरली आणि मधला आपापला दंड धरून, धाकटी हुंदके देत देत पेंगायला लागलेली. मधल्यानं तिचं कार्ड मागून घेतलं आणि वाचत बसला. मग म्हणाला, "आई, माझं पुढचं १६ ला आहे ना, म्हणजे २०३१. तेव्हा ही किती वर्षांची असेल?" म्हणलं, साडेसात. त्यानं जरा हिशेब केला. मग तिच्या कानाशी जाऊन म्हणाला, "मग तेव्हा तू यायचंस माझ्याबरोबर आणि माझा हात धरायचास. आज मी धरलाय." तिनं झोपेतच हात पुढं केला, आणि त्यानं तो टाळीसारखा वाजवून घेतला.

कळावे,
आपली एक वाचक,
सांगली